वन्संच्या घरचं पाणी

आमच्या आबांनी युरोपात कुणाकुणाकडे काय काय खाल्लं ते मी सांगायला बसले तर संध्याकाळ होईल. जर्मनीत त्यांचा चुलत पुतण्या आहे, त्याच्याकडे मटणाचा रस्सा तीनदा मागून घेतला. पॅरिसला माझ्या मावसबहिणीकडे पुरणपोळ्या खाल्ल्या आणि वर तुपाची वाटी थेट तोंडाला लावली. आगगाडीत शेजारच्या अनोळखी बाईनं पुढं केलेलं सफरचंदसुद्धा सोडलं नाही. फक्त एका घरात त्यांनी पाण्याचा घोटही घेतला नाही, आणि ते घर त्यांच्या पोटच्या लेकीचं होतं.

आबा म्हणजे माझे सासरे, डिंगोऱ्याचे शेतकरी. माझे यजमान जुन्नरला हायस्कूलात चित्रकला शिकवायचे. दोन हजार साल उलटून थोडे दिवस झाले होते, तेव्हा त्यांना हॉलंडमध्ये वर्षभर राहून चित्रांचा अभ्यास करायची शिष्यवृत्ती मिळाली. जन्मभर फळ्यावर आंबा आणि घागर काढून दाखवणारा माणूस विमानात बसणार म्हटल्यावर गावानं तोंडात बोटं घातली. मी शिनोलीची, लग्नाआधी माझी धाव घोडेगावच्या बाजारापर्यंत. पण मी यांना बजावून सांगितलं, जायचं तर बिऱ्हाडासकट, नाहीतर बसा इथंच घागरी काढत. मग मी आणि आमची लेकही गेलो. सासूबाई आधीच वारल्या होत्या. आबा मागं एकटेच, म्हणून उन्हाळ्यात त्यांनाही बोलावून घेतलं.

आम्ही हार्लेम नावाच्या गावात दोन खोल्या घेतल्या, कारण माझी धाकटी नणंद त्याच गावात राहायची. लग्न झाल्यावर वन्सं नवऱ्याच्या नोकरीपायी तिकडं गेल्या त्याला दहाएक वर्षं झाली होती. जावई मंचरचे, मोठ्या मनाचे आणि खाण्याचे भारी शौकीन. त्यांचं घर आमच्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर, कालव्याच्या काठाला. इतक्या वर्षांत वन्सं चारपाच वेळा गावी येऊन गेल्या, पण माहेरचं माणूस त्यांच्या उंबऱ्यात कधी आलं नव्हतं.

आबा आले ते धोतर, टोपी, पायात नवे कोरे बूट आणि पिशवीत बाजरीचं पीठ घेऊन. विमानतळावर त्या पिठाची बरीच चौकशी झाली म्हणे. आबांनी तिथल्या साहेबाला चिमूटभर पीठ खाऊन दाखवलं आणि सुटले. गाडीत खिडकीशी बसून बाहेर बघत राहिले. जिकडं तिकडं कालवे, तळी, शेताच्या बांधाला पाणी. शेवटी म्हणाले, येडगावचं धरण फुटलंय आन कुनी आवरलंच न्हाई, आसं दिसतंय.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांना वन्संकडे नेलं. वन्सं पहाटेपासून खपत होत्या. मासवडी, रस्सा, भाकरी, खीर. रुखवतात ठेवलेला तांब्याचा तांब्या त्यांनी इतकी वर्षं जपून ठेवला होता. तो चिंचेनं लख्ख घासून, पाणी भरून, गुळाच्या खड्यासकट आबांपुढं ठेवला. आबांनी घर निरखून पाहिलं. लई झ्याक घर हाय म्हणाले, जावयाच्या पाठीवर हात ठेवला, लेकीच्या तोंडावरून हात फिरवला. मग पिशवीतून आपली बाटली काढली आणि तिच्यातलं पाणी प्याले. आमच्या घरून भरून आणलेलं.

आता ही रीत सांगायला हवी. आमच्या सासरच्या घराण्यात दिलेल्या लेकीच्या घरी बाप अन्नपाणी घेत नाही. लेकीला मूल झालं की ते घर नातवंडाचं होतं, आणि नातवंडाच्या घरी आजा खुशाल मांडी ठोकून जेवतो. माझ्या माहेरीही असं काहीबाही होतं, पण माझ्या वडिलांनी ते केव्हाच गुंडाळून ठेवलं. माझ्या लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात ते माझ्याकडे येऊन पिठलं ओरपून गेले. आबांचं तसं नव्हतं. आणि वन्संना मूल नव्हतं. इथले डॉक्टर झाले, तिथले झाले, आणि पुढं त्या दोघांनी तो नाद सोडला. घरात तो विषय संपला होता, गावात संपला नव्हता.

त्या दिवशी सगळं जेवण जावयांनी आणि आम्ही संपवलं. आबा सोफ्यावर बसून आमच्याशी गप्पा मारत होते, अगदी मजेत. आम्ही निघताना वन्संनी तांब्या उचलला, खिडकीशी गेल्या आणि पाणी कोथिंबिरीच्या कुंडीत ओतलं. मी पाहिलं. घरी येऊन पातेली जरा जोरातच आपटली.

मग ते नेहमीचंच झालं. आबा दोन-तीन दिवसांआड लेकीकडे जायचे, तासन् तास बसायचे. तिच्याबरोबर बाजारात हिंडायचे, कालव्यावरच्या बदकांना पाव घालायचे. वन्सं दर खेपेला रांधायच्या. दर खेपेला तांब्या पुढं यायचा आणि दर खेपेला तो कुंडीत रिकामा व्हायचा. उन्हाळा संपेपर्यंत जावयांचं पोट सुटलं आणि कोथिंबीर अशी माजली, की शेजारची डच बाई ते कुठलं झुडूप म्हणून विचारायला आली.

मधल्या काळात आम्ही सगळे मिळून जर्मनी आणि पॅरिस करून आलो. यजमानांना चित्रं बघायची होती, आबांना माणसं. दोन्ही झालं. फक्त वन्सं आणि जावई रजा नाही म्हणून आले नव्हते, आणि परत आल्यावर आमच्या लेकीनं आत्याला सगळं हौसेनं सांगितलं. आबांनी जर्मनीच्या काकांकडे रस्सा कितीदा घेतला तेही, बोटांवर मोजून. वन्सं हसत ऐकत राहिल्या. मग चहाचे कप घेऊन आत गेल्या, त्या बाहेर येईनात. मी पाठोपाठ गेले. त्या नळ सोडून नुसत्या उभ्या होत्या.

"मला मूल नाही, म्हणून मी लेकसुद्धा नाही का, वहिनी?"

मी नळ बंद केला आणि त्यांना जवळ घेतलं. मलाच रडू फुटलं, मग त्यांनाच माझी समजूत काढावी लागली. असली मी.

पण घरी आल्यावर मी आबांना सोडलं नाही. सासऱ्यापुढं आवाज चढवायची आमच्यात पद्धत नाही, पण शिनोलीच्या बायकांना हळू बोलता येत नाही हे आबांना लग्नापासून ठाऊक होतं. मी म्हटलं, अनोळखी बाईचं सफरचंद चालतं तुम्हाला, पुतण्याचं मटण चालतं, आणि लेक दारात तांब्या घेऊन उभी असते तर तुमच्या घशाला कोरडसुद्धा पडत नाही. आबा खाली मान घालून ऐकत होते. एवढंच म्हणाले, की माझ्या बानं पाळलं, त्याच्या बानं पाळलं, आन मी मोडू व्हय. ते बोलताना त्यांचा चेहरा इतका ओढल्यासारखा दिसला, की माझाही राग निम्मा उतरला. त्यांना पोरीची माया नव्हती असं नाही हो. माया उतू जात होती. तिच्या घराबाहेर पडले की कालव्याच्या कडेनं थांबून थांबून मागं बघायचे.

मग मी एक युक्ती काढली. वन्संनी डबा करून गुपचूप माझ्याकडे पाठवायचा, मी आमच्या ताटात वाढायचा, आबांना पत्ताही लागणार नाही. वन्संनी मला मध्येच थांबवलं. चोरून नको, म्हणाल्या. माझ्या घरात, माझ्या हातचं, त्यांना माहीत असताना. नाहीतर राहू दे.

तसंच राहिलं. आबांचं परतीचं विमान आठवड्यावर आलं. वय बघता ते पुन्हा एवढा प्रवास करतील हे काही खरं नव्हतं. वन्संना ते कळत होतं. त्यांनी आता रांधायचंच सोडून दिलं. जावईही म्हणाले, बरं झालं, माझे सदरे बसेनात.

त्या शेवटच्या शनिवारी यजमानांनी सगळ्यांना ॲमस्टरडॅमच्या संग्रहालयात नेलं. आबांनी प्रत्येक दालनातल्या पहारेकऱ्याला हात जोडून रामराम केला. ते हे इतकं मन लावून करत होते, की दोघातिघांनी उलट हात जोडले. मोठ्या मोठ्या सरदारांची चित्रं त्यांनी चालता चालता उरकली. गाईंच्या चित्रांपुढं मात्र थांबले, लेकीला बोलावून दाखवलं. यजमान मागून उजेड कुठून येतो, सावली कुठं पडते ते समजावत होते. आम्ही कुणी ऐकत नव्हतो, पण त्यांना त्याची सवय आहे, शाळेतही तेच.

मग एका लहान दालनाच्या कोपऱ्यात आबा थांबले ते हलेचनात. चित्र हातभरसुद्धा नव्हतं. चूल पेटवलेली अंधारी खोली, बाकावर एक म्हातारा, हात मांडीवर. त्याच्यासमोर एक तरुण बाई वाकून पाण्याचं भांडं पुढं करतेय. बस एवढंच. आम्ही पुढं जाऊन परत आलो तरी आबा तिथंच. वन्सं त्यांच्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या.

आबांनी यजमानांना विचारलं, "कवापासून उभी हाय रं ही?"

यजमान मास्तरच. त्यांनी पाटी वाचली आणि म्हणाले, तीनशे वर्षांच्या वर झाली असतील.

आबा चित्राकडेच बघत होते. "आन म्हाताऱ्यानं अजून हात न्हाई पुढं केला."

वन्सं खिडकीकडे वळल्या आणि बाहेर काहीतरी बघायला लागल्या. आबांनी टोपी काढली, परत घातली आणि चालायला लागले.

संध्याकाळच्या आगगाडीनं आम्ही परतलो. हार्लेमला उतरल्यावर आमच्या घराकडे डावीकडे वळायचं असतं, तर आबा सरळ कालव्याच्या रस्त्याला लागले. आम्ही मागून. वन्संनी कुलूप काढलं, दिवे लावले, आणि सवयीनं तांब्या भरून आबांपुढच्या स्टुलावर ठेवला. ठेवला आणि लगेच वळल्याही, अंगातला कोट काढायला. इतके दिवस तो न उचललेला बघून बघून त्यांनी त्याच्याकडे बघणंच सोडलं होतं.

आबांनी तांब्या उचलला. मान मागं टाकली आणि गावाकडे शेतात पितात तसं वरून धार धरली. घटाघट. घशाची गाठ वरखाली होत होती. धोतरावर पाणी सांडलं, त्यांनी पर्वा केली नाही. वन्सं अर्धा कोट अंगात, अर्धा बाहेर, अशा तिथंच.

आमच्या यजमानांना कधी काय विचारावं याचा पोच नाही. ते म्हणाले, आबा, आणि रीत? मी कोपरानं ढोसायच्या आत विचारून मोकळे झाले.

"ऱ्हाऊ दे तिला डिंगोऱ्यात," आबा म्हणाले. मग लेकीकडे बघून, "भाकरी हाय का गं?"

भाकरी कुठली असायला. इतके दिवस पंचपक्वान्नं करून ठेवणाऱ्या बाईच्या घरात त्या दिवशी कालचा पाव, चीजचा तुकडा आणि शेंगदाण्याची चटणी, एवढंच. वन्सं पिठाच्या डब्याकडे धावल्या. आबा म्हणाले, पीठ मळंस्तोवर मी आनखी म्हातारा व्हईन, जे हाय ते आण. वन्संनी ताटलीत तेच वाढून आणलं. पाव इतका वातड झाला होता, की आबांना तो चटणीत बुडवून चावावा लागत होता. तरी ते खात होते, सावकाश, पहिला घास कपाळाला लावून. वन्सं ताटलीजवळ उभ्याच होत्या, आणखी काय आणू, आणखी काय आणू करत.

"खाली बस," आबा म्हणाले. "आता उभी ऱ्हाऊ नगंस."

त्या बसल्या. आबांनी आपल्या ताटलीतला एक तुकडा तोडून त्यांच्या हातात दिला. जावयांनी लगेच आपलाही हात पुढं केला, तेव्हा कुठं आम्ही सगळे हसलो.

पुढचा आठवडाभर आबा दोन्ही वेळा तिथंच जेवले. माझ्या हातच्या पिठल्याला तर त्यांनी नावं ठेवायलाही सुरुवात केली. पण ते पुढचं. त्या संध्याकाळी ताटली संपली, आबांनी हात धुतले, आणि निघायची वेळ झाली तशा वन्सं नेहमीच्या सवयीनं उठल्या. स्टुलावरचा तांब्या उचलला, खिडकीशी गेल्या आणि कोथिंबिरीवर कलता केला. थेंबही पडला नाही.