तात्पुरता आकडा

वेधशाळेत तिला सगळे मोजणीताई म्हणत. गॅमा किरण ओकणाऱ्या दीर्घिकांची यादी तीस वर्षं तिच्याच हातची. दीर्घिका जितकी दूर, तितका तिचा प्रकाश जुना. अंतरानुसार ओळीने मांडल्या की विश्वाचं वय उलगडत जातं. त्या यादीवरून तिच्या सरांनी सांगितलं होतं की, पूर्वी दीर्घिकांच्या पोटातली कृष्णविवरं भरपेट खायची, म्हणून त्या भडकून जळायच्या. खाणं आटलं आणि त्याच मंदावल्या. रंगमंच गाजवलेली नटी उतारवयात विंगेत बसून राहते, तशा. म्हणून अलीकडच्या काळात मंदांचीच गर्दी. एवढ्यावर सरांचं नाव झालं.

निवृत्तीला आठवडा उरला होता. यादी सोपवण्याआधी तिने एकदा नजरेखालून घातली, आणि एकशे बारा मंद दीर्घिकांपुढे तिला एकच अंतर दिसलं. अगदी दशांशापर्यंत तेच.

तिने कपाटातली जुनी वही काढली. मंद दीर्घिकेच्या प्रकाशात बरेचदा अंतर मोजायला खूणच सापडत नाही. रकाना रिकामा असला की तेव्हाचं गणकयंत्र यादी नाकारायचं. म्हणून तिनेच जवळच्या अंतराचा एक तात्पुरता आकडा भरला होता आणि वहीत तशी नोंद केली होती. वही कपाटात गेली. आकडा छापला गेला.

गर्दी तिनेच जमवली होती.

सर अंथरुणाला खिळलेले. दारातच त्यांच्या बायकोने बजावलं, "आज जरा हुशारीत आहेत. जिवाला लागेल असं काही काढू नका."

"बघते, वहिनी."

"या, मोजणीताई," सर म्हणाले. "सुटलात एकदाच्या."

"अडकले, सर." तिने वही पुढे धरली.

त्यांनी सावकाश वाचलं. "या वगळल्या तर?"

"गर्दी उरत नाही. मंद दीर्घिकांची संख्या कधी वाढली, वाढली की नाही, काहीच सांगता येत नाही."

"आणखी कुणाला ठाऊक आहे?"

"तुम्हाला नि मला."

"महिनाभर थांबला असतात, तर मी सुखाने गेलो असतो."

तिने वही तशीच उघडी धरली.

"लिहा," सर म्हणाले. "आमचा निष्कर्ष आम्ही मागे घेत आहोत."

"माझी चूक आहे, सर. आमचा कशाला?"

"नाव झालं तेव्हा वाटा मागितला होतात? लिहा."

सही अर्धीच उमटली. मग त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. तिने दोनदा हाक मारली, तेव्हा न वळताच त्यांनी हाताने 'जा' अशी खूण केली.

ती चपला घालून बाहेर पडताच वहिनींनी दार लावून घेतलं.

ती थेट वेधशाळेत गेली आणि एकेक आकडा पुसत बसली. एकशे बारा रिकामे रकाने. आताच्या यंत्राने एकही नाकारला नाही.