बारागाड्या हाकल्याचा मुकदमा

निंबा भगताएवढा साधा माणूस आमच्या धरणगाव पट्ट्यात मी दुसरा पाहिला नाही. आणि साध्या माणसांनी मला जेवढा ताप दिला, तेवढा लबाडांनी कधी दिला नाही. मी कचेरीबाहेर लिंबाखाली बसणारा अर्जनवीस. लोकांचे अर्ज आणि कैफियती लिहून देणं हा माझा धंदा. सन चौतीसच्या चैत्रात निंबा माझ्यापुढे येऊन बसला आणि रडायलाच लागला.

"नाना, मना वनाले छड्या मारतीन!"

वना त्याचा मुलगा, वय पंधरा. प्रकरण यात्रेतलं होतं. मरीमातेच्या यात्रेला आमच्याकडे बारागाड्या ओढतात. बैल सोडलेल्या बारा गाड्या एकामागे एक बांधायच्या, त्यांत मावेल तेवढं गाव बसवायचं, आणि हळद फासलेल्या भगताने कमरेला दोर बांधून ते सगळं लटांबर एकट्याने देवळापर्यंत न्यायचं. भगताच्या अंगात देवी येते, म्हणून हे जमतं. निंबाने वीस वर्षं ओढल्या. त्या साली त्याचा पाय मुरगळला, म्हणून वना पुढे झाला.

वना सुटला तो सुसाट. देवळाकडे वळायचं सोडून सरळ गेला, आणि मागे बारा गाड्या, गाड्यांत पोलीस पाटलासकट अर्धं गाव, असे सगळे जिलेबीच्या दुकानात शिरले. तिथे बंदोबस्ताचे फौजदार जिलेबीची चव बघत होते. ते मागे सरकले आणि पाकाच्या परातीत बसले. पाक गार होता, म्हणून कुणाला काही झालं नाही. पण उठल्यावर फौजदारांनी पहिल्यांदा वनाच्या तोंडाचा वास घेतला.

दारू पिऊन सरकारी रस्त्यावर बेफाम गाडी हाकली, असा खटला झाला. सोळाच्या आतल्या पोराला कोर्ट वेताच्या छड्या देऊ शकत होतं. इकडे दारू कबूल करावी, तर भगताच्या घराण्याची अब्रू गेली.

मी म्हटलं, "रडू नकोस. गाड्या देवीने हाकल्या, असं लिहितो. देवीला कुठलं कलम लावतात तेच बघू." दोन दिवस खपून मी अशी कैफियत लिहिली, की वाचून माझंच मन भरून आलं.

कोर्टात ती वाचली गेली. फौजदार म्हणाले, "रावसाहेब, देवीच्या तोंडाला मोहाच्या दारूचा वास येत होता."

न्याय करायला मामलेदार बसले होते. त्यांनी चष्मा पुसला. "देवी असेल, तर आत्ता येऊ दे. आम्ही थांबतो."

सगळं कोर्ट वनाकडे बघू लागलं. बिचाऱ्याने एक पाय हलवला. मग दुसरा. मग दोन्ही एकदम हलवायला गेला आणि पिंजऱ्याच्या कठड्यावर आपटला. एका शिपायाने घाईघाईने हात जोडले. वनाची आई भिकुबाई मागून ओरडली, "साहेब, मना आंगमा उनी तं चालीन का?" आणि उत्तराची वाट न बघता तिने केस सोडले.

"बसा, बाई," मामलेदार म्हणाले आणि त्यांनी निकालाचा कागद पुढे ओढला.

तेवढ्यात निंबा उठला. "देवी नही उनी, साहेब. दारू उनी. लोटा मना व्हता, मीच दिन्हा."

मग त्याने सगळं ओकून टाकलं. गाड्या ओढण्याआधी तो दरसाल दोन घोट घ्यायचा. बापाकडून त्याने तेच ऐकलं होतं, की यानेच देवी येते. उपाशी पोराला त्याने लोटा दिला, आणि जास्त प्यायलो तर जास्त देवी येईल, या हिशेबाने पोराने लोटा रिकामा केला.

माझी कैफियत मातीत गेली. मला संताप आला. पण भर कोर्टात मान खाली घालून उभा राहिलेला तो बाप बघून मी कैफियतीची नक्कल घडी करून खिशात घातली.

वनाच्या छड्या टळल्या. तीन वर्षं त्याने कुठलीही गाडी हाकायची नाही, असं जामीनखत बापाकडून लिहून घेतलं. निंबाला कोर्ट उठेपर्यंत कैद झाली, ती त्याने कोपऱ्यात पेंगत भोगली. त्यानंतर भिकुबाई बैलगाडी हाकायची, निंबा मागे बसायचा आणि वना शेतापर्यंत शेजारून चालायचा. वाटेत शिपाई दिसला, की तो दोन्ही हात वर करायचा.

पुढच्या चैत्रात गाड्या ओढायला दुसरा कुणी तयार होईना. गाव परत निंबाकडेच आलं. त्याने दोर बांधला. लोट्यात पाणी होतं. मी स्वतः वास घेऊन पाहिलं. चार जणांनी मागून रेटा दिला आणि निंबा पळाला. असा पळाला, की देवळाच्या पायरीवर पालथाच पडला, आणि गाड्या त्याच्या हातभर मागे येऊन थांबल्या.

मी धावत गेलो. तोंड हळदीने पिवळं आणि भीतीने पांढरं झालेलं.

"नाना, हाऊ तं उतार शे!" तो धापा टाकत म्हणाला. "गाड्या वढनाच पडत नही. त्या सोता मांगे येतस. आपन फक्त त्यास्ना म्होरे पयनं!"

वीस वर्षं त्याला हे कळलं नव्हतं. मला हसू फुटलं. पण निंबा हसत नव्हता. गर्दीतून वना पुढे आला, तसं निंबाने त्याला घट्ट धरलं, आणि त्याच्या पाठीवरून, हातांवरून, पायांवरून हात फिरवत राहिला.

"आन तू दारू पीसन पयना रे यास्ना म्होरे!"