वहिनी बऱ्या आहेत

शहाडच्या माझ्या खोलीत टेबलाखाली एक छोटा कॉम्प्युटर आहे, जेवणाच्या डब्याएवढा. दिवसरात्र चालू असतो. आई गावाहून फोन करते तेव्हा विचारते, "रेडिओतलं काम चालू आहे ना?" ती गावात सगळ्यांना सांगते की मुलगा रेडिओत आहे. तिला समजावून सांगायचं मी सोडून दिलंय. हिंगोलीकडच्या आमच्या गावात हे कुणालाच समजणार नाही. मलाही समजायला दोन वर्षं लागली.

हौशी रेडिओवाले म्हणून एक जमात आहे. घरात सेट, गच्चीवर अँटेना, सरकारी परवाना, आणि प्रत्येकाला एक कॉलसाइन, म्हणजे अक्षरं-आकड्यांचं हवेतलं नाव. कुणाला लांबचं स्टेशन ऐकू आलं की तो क्लस्टरवर टाकतो: अमका, या फ्रिक्वेन्सीवर, आत्ता येतोय. नाक्यावरच्या फळ्यावर लिहावं तसं. जगभर असे फळे आहेत, एकमेकांना जोडलेले. त्यातला एक फळा म्हणजे हा डब्याएवढा कॉम्प्युटर. आणि फळ्यामागे याद्या असतात. कॉलसाइन टाकलं की नाव, गाव, बोलणं झाल्याची पावती म्हणून कार्ड कुठे पाठवायचं ते येतं. त्या याद्या सांभाळायचं काम माझं. नववीत शाळा सोडलेल्या माणसाचं.

हा कॉम्प्युटर आधी बाळकुमला काकांकडे होता. काका म्हणजे माझे नात्यातले कुणी नव्हेत. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, सत्तरी ओलांडलेले गृहस्थ. मी तेव्हा डिश अँटेना बसवत फिरायचो. त्यांच्या सोसायटीत एकाकडे गेलेलो, तर वादळात त्यांची रेडिओची वायर तुटून पाण्याच्या टाकीवर लोंबत होती आणि सेक्रेटरी खाली उभा राहून ओरडत होता. काका माझ्याकडे आले आणि म्हणाले, "जरा वर चढाल का?" मला तोवर सगळे "चढ रे" म्हणायचे.

चढलो. वायर बांधली. खाली आल्यावर काकूंनी पोहे दिले आणि काकांनी सेट दाखवला. पुढच्या रविवारी परत गेलो, मग दर रविवारी जात राहिलो. याद्यांचं काम त्यांनी शिकवायला घेतलं तेव्हा मी म्हटलं, मला इंग्रजी येत नाही. ते म्हणाले, "अहो, त्या कॉम्प्युटरलाही येत नाही. त्याला दहा-बारा शब्द येतात. तेवढे तुम्हाला येतील." ते शब्द मी वहीत मराठीत लिहून घेतले. ती वही अजून आहे. पुढे मी घरूनच, माझ्या सेकंडहँड लॅपटॉपवरून, ते काम करायला लागलो. माझ्या आयुष्यात मला कुणी आपणहून दिलेली ही एकच गोष्ट.

एकच नियम होता. यादीत खोटं किंवा ऐकीव लिहायचं नाही. "चुकीचा पत्ता लिहिलात तर कुणाचं तरी कार्ड आयुष्यभर पोचत नाही," म्हणायचे.

जगाच्या पत्त्यांची मोठी यादी होती तशी काकांची स्वतःची एक छोटी यादी होती. तिचं नाव त्यांनी ठेवलेलं, माणसं. सकाळी साडेसातला आपल्याकडचे लोक एका ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर जमतात, त्याला नेट म्हणतात. तिथे भेटणाऱ्या प्रत्येकाच्या कॉलसाइनपुढे काकांनी एक-दोन ओळी लिहिलेल्या, इंग्रजी अक्षरांत मराठी. गुडघ्याचं ऑपरेशन झालं, विचारणे. नातू झाला, पेढे मागणे. मिरजेचे त्यांचे जुने मित्र होते, त्यांच्यापुढे: पत्नी गेली, विषय काढू नये. नेटवर कुणी आलं की काका कॉलसाइन टाकायचे, ओळ वाचायचे आणि बोलायचे. सगळे म्हणायचे, काय लक्षात ठेवता हो तुम्ही.

एका रविवारी काका आत गेल्यावर काकू म्हणाल्या, "तुला म्हणून सांगते. हे विसरायला लागलेत. डॉक्टर म्हणाले, वाढत जाणार. नेटवर अजून कुणाला कळलेलं नाही, त्या यादीमुळे. तेवढा अर्धा तास ते पूर्वीसारखे असतात."

तेव्हापासून त्या यादीची मला भीतीच वाटायला लागली. मी मुळात घाबरट. गॅस बंद केला का ते तीनदा बघणारा, कुलूप लावून जिना उतरून परत वर जाणारा. 'माणसं' या यादीत काही भरलं की मी लगेच तिची कॉपी काढून ठेवायचो, त्याच क्षणी, थांबायचोच नाही.

तर झालं असं. दर रविवारी मी काकांनी सांगितलेल्या नव्या ओळी त्यांच्या यादीत भरायचो. महिन्यातून एकदा जगाची नवी यादी यायची, ती पत्त्यांच्या यादीत भरायचो. दोन्हीसाठी कॉम्प्युटरला द्यायचा हुकूम एकच, फक्त यादीचं नाव आणि फाइलचं नाव वेगळं. त्या रविवारी काकांच्या ओळी भरून झाल्या आणि जगाची यादी भरताना वेळ वाचवायला मी मागचाच हुकूम परत वर आणला. फाइलचं नाव बदललं. यादीचं बदलायचं राहिलं. एंटर दाबलं. कॉम्प्युटर काही विचारत नाही. तेच कॉलसाइन असेल तर जुनी ओळ जाते, तिच्या जागी नवी बसते. सगळं भरलं म्हणाला. मी वहीत बरोबरची खूण केली आणि घाबरट माणूस म्हणून लगेच कॉपी काढली. जुन्या कॉपीवर.

कळलं सोमवारी. माझ्याकडे नुसता ऐकायचा छोटा रेडिओ आहे, परवाना नसल्यामुळे मला बोलता येत नाही. सकाळी भाकरी थापता थापता नेट ऐकत होतो. मिरजेचे काका आले. आपले काका म्हणाले, "ये रे, ये. जरा थांब." कॉलसाइन टाकत असणार. मग म्हणाले, "काय रे, वहिनी कशा आहेत?"

रेडिओवर नुसती खरखर. नेटवर दहा-बारा माणसं असतील, कुणी बोलायचं बटण दाबलं नाही. माझी भाकरी तव्यावर करपायला लागली.

मग मिरजेचे काका म्हणाले, "बरी आहे रे. तुझी आठवण काढते."

"पुरणपोळीवर तूप कमी पडलं म्हणून भांडलेलो मी वहिनींशी."

"तेच सांगत असते सगळ्यांना."

"त्यांना म्हणावं, पुढच्या महिन्यात येतो."

"म्हणतो."

लॅपटॉप उघडून बघितलं. मिरजेच्या काकांपुढे रस्ता, पेठ, पिनकोड. सगळ्यांपुढे तेच. कॉपीतही तेच.

कामावर गेलो नाही. माजिवड्याला बसमधून उतरलो आणि बाळकुमपर्यंत चालत गेलो, काय बोलायचं ते ठरवायला. काही ठरलं नाही. काकूंनी दार उघडलं आणि माझं तोंड बघून म्हणाल्या, "बस आधी. पाणी घे."

"काकू, माझ्या हातून सगळं गेलं."

सांगितलं. त्या ऐकून घेत होत्या, हात मटार सोलत होते. आतून काका म्हणाले, "अगं, वहिनी बऱ्या आहेत म्हणे. मिरजेला जायचंय आपल्याला."

"जाऊ हं," काकू म्हणाल्या. मग हळू आवाजात मला, "त्यांना काही सांगू नकोस. आणि रडू नकोस, मला निम्मं पाठ आहे. रोज बाजूला बसून ऐकते ना मी."

त्या सांगत गेल्या, मी लिहीत गेलो. उरलेल्यांना फोन करायचे ठरले. हा प्रश्न कसा विचारायचा तेच कळेना. काका, तुमच्याबद्दल काय लिहिलेलं असेल हो? नागपूरचे एक जण हसले. "लिही, याला ऐकू कमी येतं, पण बोलणं काही कमी होत नाही." रत्नागिरीचे मास्तर म्हणाले, "मुलगा आमच्याशी बोलत नाही. ते लिहिलेलं असणार. म्हणून तर मुलाचं कधी विचारायचा नाही तो." मी ते लिहून घेतलं. त्या दोन दिवसांत मला एवढ्या लोकांची दुखणी कळली की रात्री जेवण जाईना.

मिरजेला फोन मी सगळ्यात शेवटी केला. आधी माफी मागितली.

"तुमची चूक नाही हो," ते म्हणाले. "परवा मी बटण दाबलं तेव्हा 'ती गेली' असंच म्हणणार होतो. पण त्याला ते पहिल्यांदाच कळलं असतं ना. मागे सांगितलं तेव्हा किती रडला होता. परत एकदा कशाला?"

"मग काय लिहू?"

"लिहा, वहिनी बऱ्या आहेत."

"काका म्हणतात, यादीत खोटं लिहायचं नाही."

"ठाऊक आहे. मलाही यादी करायला त्यानेच शिकवलं." मग म्हणाले, "एक सांगू? सगळे इतके जपून बोलतात माझ्याशी. तीन वर्षांत कुणी तिचं नाव काढलं नाही. परवा त्याने काढलं."

मी लिहिलं. माझ्या हाताने यादीत लिहिलेली ती एकच खोटी ओळ.

तो हिवाळाभर काका विचारत राहिले. वहिनींनी लोणचं घातलं का, वहिनींचा खोकला गेला का. मिरजेचे काका उत्तरं द्यायचे, खुलून, आणि नेटवर बाकी कुणी मध्ये बोलायचं नाही. काका विसरतात हे सगळ्यांना कळलेलं होतं. कळलंय हे काकांना मात्र कळू दिलं नाही.

माझी गोष्ट वेगळी होती. एका रविवारी मी शेजारी बसलेलो असताना काकांनी काकूंना विचारलं, "हे गृहस्थ कोण?" काकूंनी सांगितलं. ते म्हणाले, "हो का, बसा, बसा." नंतर दारात काकू म्हणाल्या, "तुझंही लिही की त्या यादीत."

"मला कॉलसाइन नाही काकू. कशापुढे लिहू?"

उन्हाळ्यात काका नेटवर यायचे थांबले. पावसाळा संपता संपता गेले. तेराव्यानंतर काकूंनी हा कॉम्प्युटर जुन्या टॉवेलात गुंडाळून दिला. "चालू ठेव," एवढंच म्हणाल्या.

गेल्या रविवारी मिरजेहून फोन आला.

"ती ओळ आता बदला. खरं लिहा."

"पत्नी गेली, विषय काढू नये?"

"नाही. पत्नी गेली, विषय काढला तरी चालेल."

तसं लिहिलं. मग त्याच यादीत काकांचं कॉलसाइन टाकलं. पुढे माझ्या त्या चुकीतून आलेलं त्यांचं नाव, बाळकुमचा पत्ता, बाकी काही नाही. स्वतःबद्दल त्यांनी कधी काही लिहिलंच नव्हतं. जो गेला त्याची ओळ पुसत नाहीत, पुढे तसं नोंदवतात. ते मीच करायचं होतं. केलं. शब्द दोनदा तपासले, यादीचं नाव तीनदा.

मग कॉपी काढायची होती. हात तिथपर्यंत गेला, पण काढली नाही. जुन्या कॉपीत काका आहेत आणि वहिनी बऱ्या आहेत.