जोडीतला एक तानपुरा

मला गाता येत नाही. मी नम्रतेने म्हणत नाही. कॉलेजात असताना एका संगीत शिक्षकांनी मला दोन महिने ऐकून घेतलं आणि मग शांतपणे सांगितलं, तुम्ही टाळ वाजवा. पुढे मी साताऱ्यातल्या एका शाळेत एकतीस वर्षं गणित शिकवलं. तिथे सूर लागत नाही. पण तानपुऱ्याचा आवाज मला तेव्हापासून आवडायचा. मैफलीत गाणं सुरू व्हायच्या आधी तो नुसता वाजत असतो ना, तेवढाच वेळ माझा. गाणाऱ्याने तोंड उघडलं की माझं लक्ष उडायचं.

निवृत्त झाल्यावर ठरवलं, आता आपला एक तानपुरा घ्यायचा. एकटीच बसने मिरजेला गेले. तंतुवाद्यांच्या पहिल्याच दुकानात एक वयस्कर कारागीर दांडी घासत बसले होते. त्यांनी आदराने विचारलं, "ताई, आपण गाता का?"

मी म्हणाले, "नाही, भाचीसाठी बघतेय."

"त्यांची गाण्याची पट्टी कुठली?"

मला भाचीच नाही, तिला पट्टी कुठून असणार? "विचारून सांगते," म्हणाले, बाहेर येऊन उसाचा रस प्याले आणि परतीची बस धरली. त्या गृहस्थांची काहीच चूक नव्हती. चपलेच्या दुकानात पायाचं माप विचारतात तसं त्यांनी विचारलं. पण दुसऱ्या दुकानाची पायरी चढायचं धैर्य मला झालं नाही.

घरी नवऱ्याने विचारलं, "मिरजंला काय काम होतं?"

"डोळे दाखवायचे होते."

मिरजेत दवाखाने इतके आहेत की ही थाप कुणालाही पटते. "काय म्हणले डॉक्टर?"

"चांगले आहेत म्हणाले."

माझे यजमान सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. वायरलेसवर होते. मूळचे वडूजकडचे. कुठलीही वस्तू हाताने ठोकून बघितल्याशिवाय घ्यायची नाही, हा त्यांचा नियम. आमच्या घरातली प्रत्येक बादली एकदा तरी ठोकलेली आहे. त्यामुळे फोनवरच्या लिलावाबद्दल मी त्यांना काही सांगितलं नाही.

तो लिलाव मला अपघातानेच सापडला. जुन्या वस्तूंचं एक संकेतस्थळ होतं. लोक फोटो टाकायचे, इतर लोक बोली लावायचे. मी आठवडाभर नुसती बघत होते. सगळे विक्रेते एकाच सुरात ओरडत होते. दुर्मिळ, अप्रतिम, पुन्हा मिळणार नाही. एकाने तर स्टीलचा डबा दुर्मिळ म्हणून लावला होता, तसे आमच्याकडे चार आहेत. अशात एका तानपुऱ्याखाली हा मजकूर दिसला:

"जोडीतला एक. भोपळ्याला मागून बारीक चीर गेली होती, बुजवलेली आहे. एक खुंटी नवीन आहे, रंग जुळत नाही. पावसाळ्यात सारखा उतरतो. आवाज चांगला आहे."

मी हे तीनदा वाचलं. तीन दोष सांगून झाल्यावर चौथ्या वाक्यात त्याने आवाज चांगला आहे म्हटलं, तेव्हा माझा त्यावर पूर्ण विश्वास बसला. याच विक्रेत्याकडून आधी वस्तू घेतलेल्या लोकांनी खाली अभिप्राय दिले होते. फार नव्हते. पण जवळजवळ सगळ्यांनी एकच लिहिलं होतं, सांगितलं तसंच निघालं.

विक्रेत्याला प्रश्न विचारायची सोय होती. मी अर्धा तास घालवून लिहिलं, "ज्याला अजिबात गाता येत नाही, त्याने घेतला तर चालेल का?" उत्तर संध्याकाळी आलं. "चालेल. छेडायला गळा लागत नाही. कसा छेडायचा ते मी सांगेन."

मी बोली लावली.

लिलाव रविवारी दुपारी चारला संपणार होता. आणि त्याच रविवारी वडूजला यजमानांच्या चुलतभावाच्या मुलीचा साखरपुडा निघाला. जेवणं तीनला उरकली. कार्यालयात नेटवर्क नव्हतं. मी पोट जड झालंय म्हणून सांगून गच्चीवर गेले आणि पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसले. तिथे दोन कांड्या मिळत होत्या.

बोली लावणाऱ्यांची नावं एकमेकांना दिसत नसत, नुसते तारे आणि शेवटी दोन आकडे. सुरुवातीला पाचसहा जण होते. पावणेचारपर्यंत दोघेच उरलो, मी आणि एक सत्तेचाळीस. मी बोली वाढवली की हा मिनिटभरात माझ्यावर चढायचा. मी मनाशी ठरवलेला आकडा बोलीने ओलांडला. मग मी मनाशी नवा आकडा ठरवला. इतकी वर्षं पोरांना सांगत आले होते की गणितात असं करता येत नाही.

तेवढ्यात यजमान जिना चढून वर आले. "आगं, हितं काय करतीयास? खाली फोटो चाललेत."

"लिलाव चाललाय."

"कशाचा?"

"तानपुऱ्याचा."

"वाजीवणार कोण?"

"मी."

आमच्या लग्नाला चौतीस वर्षं झाली होती. "कवापासनं?"

"अजून नाही."

ते काही बोलायच्या आत फोन वाजला. सत्तेचाळीस पुन्हा वर गेला होता. यजमानांनी वाकून पडदा बघितला. "ह्यो कोण हाय?"

"माहीत नाही."

"तू टाकलंस की लगीच टाकतोय? वाटच बघत बसलाय बेणं." ते माझ्या शेजारी, सिमेंटवर, साखरपुड्याच्या पांढऱ्या पँटसकट बसले. "थांब. आत्ता न्हाई टाकायचं. त्याला वाटू दे आपण दमलो."

"शेवटच्या मिनिटात टाकलं तर वेळ आणखी दोन मिनिटं वाढते. काही फायदा नाही."

"फायद्याचं न्हाई. त्याला वाटू दे."

आम्ही थांबलो. खालून फोटोग्राफर सगळ्यांना हसा म्हणून सांगत होता. वीस सेकंद उरली तेव्हा यजमानांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि स्वतःच्या मनाने आकडा टाकला. सत्तेचाळीसने उत्तर दिलं. यजमानांनी पुन्हा टाकला. मी म्हणाले, "अहो, जरा जास्त होतंय." ते म्हणाले, "गप." मग दोन मिनिटं गेली आणि कुणीच काही टाकलं नाही. पडद्यावर आमचं अभिनंदन आलं.

"घेतला का आपण?"

"हो."

ते उठले, पँट झटकली, जिन्यापर्यंत गेले आणि मागे वळले. "काय घेतलं म्हणलीस?"

दुसऱ्या दिवशी विक्रेत्याचा फोन आला. मी पुरुषाचा आवाज धरून चालले होते, पण पलीकडे एक बाई होत्या. म्हणाल्या, "ताई, मी मिरजेची. कुरिअरने पाठवणार नाही, भोपळा फुटतो. येऊन घेऊन जा. नाही जमलं तर व्यवहार मोडला, माझी काही हरकत नाही."

म्हणजे तीन तासांवरची वस्तू मी गच्चीवर बसून जिंकली होती आणि आणायला तिथेच जायचं होतं. यजमानांनी गाडी काढली. वाटेत एकदाच विचारलं, "त्या वक्ताला डोळं दाखवलं न्हवतंस न्हवं?" मी खिडकीबाहेर बघितलं.

बाईंचं घर दोन खोल्यांचं होतं. भिंतीशी दोन तानपुरे उभे होते, अगदी सारखे, फक्त एकाची एक खुंटी वेगळ्या रंगाची. त्यांचे यजमान गायक होते. तीस वर्षं त्या त्यांच्या मागे बसून तानपुरा छेडत होत्या, दुसऱ्या बाजूला कुणी ना कुणी शिष्य असायचा. ते गेले, शिष्य पांगले. "एक ठेवलाय," त्या म्हणाल्या. "दोन्ही छेडायला दोन माणसं लागतात."

मी विचारलं, "दुकानात का नाही दिलात?"

"दुकानवाले भाव सांगतात. मला बघायचं होतं, कुणाला तो खरंच हवा आहे." मग त्या जरा हसल्या. "तुम्ही ज्याच्याशी झुंजत होता ना, त्यानेही प्रश्न विचारला होता. हॉटेलात भिंतीवर टांगायचा होता त्याला. तारा काढल्या तर वजन किती भरेल म्हणाला. रविवारी मी तीनपासून फोन घेऊन बसले होते. शेवटी तुम्ही थांबलात तेव्हा मला बघवेना. उठून पाणी प्यायला गेले."

यजमान म्हणाले, "आवं, आमी मुद्दाम थांबलो हुतो."

"मला काय माहीत?" बाई म्हणाल्या.

त्यांनी मला सतरंजीवर बसवलं, तानपुरा मांडीशी उभा करून दिला, बोटं धरून तारेवर ठेवली. "ओढायचं नाही. बोट नुसतं उतरू द्या." मी दहा मिनिटं छेडत होते. त्या दहा मिनिटांत कुणीही मला गाता का म्हणून विचारलं नाही. यजमान खुर्चीत ताठ बसले होते. मधेच म्हणाले, "तिसरी तार उतरल्याली हाय." बाईंनी तारेवरचा मणी सरकवून बघितला आणि त्यांच्याकडे नीट पाहिलं. "साहेब, कान चांगला आहे तुमचा." भोपळा ठोकायचं ते त्या दिवशी विसरले.

पुढच्या महिन्यात आमच्या वरच्या मजल्यावरच्या प्राध्यापक बाई एक छापील कागद घेऊन आल्या. ऑनलाइन लिलावात लोक विक्रेत्याकडून वस्तू का घेतात, यावर त्यांचा प्रबंध चालला होता. किंमत कमी, सोय जास्त, वस्तू दुर्मिळ, जिंकण्याचा आनंद, असे पर्याय होते आणि पुढे चौकोन. मी चारही वाचले. किंमत कमी नव्हती, सोय तर मुळीच नव्हती, दुर्मिळ म्हणावी तर मिरजेत तानपुऱ्यांची दुकानंच दुकानं. जिंकण्याचा आनंद माझ्या नवऱ्याला झाला होता. "इतर" समोर दोन ओळींची जागा होती. मी लिहिलं, भोपळ्याला चीर आहे असं आधीच सांगितलं म्हणून. बाईंनी ते वाचलं, माझे आभार मानले आणि ते विश्वास या सदरात घालते म्हणाल्या. मी ठीक आहे म्हणाले.

पावसाळ्यात तानपुरा खरोखरच सारखा उतरू लागला. यजमान रोज सकाळी तो सुरात लावून देत, आणि मी अर्धा तास छेडत असे. मग एके दिवशी तार तुटली. मी मिरजेला फोन केला. नवी तार कशी घालायची ते सांगून सांगून त्या बाई दमल्या आणि म्हणाल्या, "राहू द्या, मीच येते."

त्या बसने आल्या. पिशवीत तारांचं भेंडोळं आणि घरची शेंगदाण्याची चटणी होती. तार घातली, लावली, आणि तानपुरा छेडायला पुन्हा माझ्याच हातात दिला. मी सुरू केलं. थोड्या वेळाने, खिडकीकडे बघत, त्या अगदी हळू गायला लागल्या. तीस वर्षं त्या मागे बसल्या होत्या. पुढे बसून कुणासमोर पहिल्यांदा गायल्या त्या आमच्याच घरी, हे त्यांनी नंतर सांगितलं. आवाज जाडसर होता, मधे दोनदा खोकला आला. माझं लक्ष एकदाही उडालं नाही. यजमान चहा घेऊन आले आणि कप हातात धरून दारातच उभे राहिले. चहावर साय आली.

साडेपाचची मिरज गाडी होती. आम्ही दोघं त्यांना स्टँडवर सोडायला गेलो. यजमानांनी आत चढून त्यांच्यासाठी खिडकीची जागा धरली, आणि उतरण्याआधी सीट एकदा हाताने ठोकून बघितली.