इमेन्स म्हणजे किती?

आमच्या अख्ख्या नात्यात इंग्रजी घेऊन बीए झालेला मी एकटाच. क्लास कोणता मिळाला हे कुणी कधी विचारलं नाही आणि मीही आपणहून सांगितलं नाही. त्यामुळे औषधाच्या बाटलीवरचं, पाण्याच्या मोटरीच्या गॅरंटी कार्डावरचं, कुणाच्या तरी परदेशी बनियनवरचं असं सगळं इंग्रजी माझ्यापुढे यायचं आणि मी ते मराठीत करून द्यायचो. मोटर आधीच जळलेली असायची, त्यामुळे माझ्या भाषांतराने नवीन नुकसान होत नसे.

नव्वदीच्या मधल्या वर्षांतली ही गोष्ट. नागापूरच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये मी कारकून होतो आणि केडगावला खोली करून राहत होतो. एका रविवारी सकाळीच मामा कर्जतच्या एसटीने आले. पिशवीतून एक पातळ पुस्तक काढून त्यांनी माझ्या हातावर ठेवलं. पुस्तकाचं नुसतं कव्हर शाबूत होतं. आतल्या पानांची जाळी झाली होती.

"वाळवी," मामा म्हणाले. "मागच्या भिताडानं चढली. अर्धं गानं खाल्लं, भाचेबुवा. ध्रुपद तेवढं ऱ्हायलंय."

मामा रेल्वेत गँगमन होते. तरुणपणी प्रबोधनाची गाणी गाणाऱ्या जलशात ढोलकी वाजवायचे. पुढे जलसा बंद पडला, पण गाण्यांचा नाद काही गेला नाही. रेल्वेचा पास हाताशी होता. जिथे जयंती, जिथे मेळावा, तिथे मामा. येताना पिशवीत गाण्यांची पुस्तकं. पोतं अंथरून विकायला ठेवतात ती, आठ-दहा पानांची. कुणा गिरणी कामगाराने नाहीतर मास्तराने रचलेली आणि पदरमोड करून छापलेली. रिटायर होईतो घरातल्या दोन्ही ट्रंका भरल्या, खाटेखालची जागा भरली आणि शेवटी मामींची ज्वारीची कणगीसुद्धा भरली. ज्वारी पोत्यात गेली.

पुण्यातली एक संस्था जुने कागद जपायला लोखंडी कपाटं देते, वाळवीला औषध मारून देते, असं मामांना कुणीतरी सांगितलं होतं. फक्त अर्ज इंग्रजीत हवा. मामांना कपाटं हवी होती, तीही पुढची गाणी खाल्ली जायच्या आत.

"असं लिव्हा," मामा म्हणाले, "की वाचनारा हातातला चहा ठिवून उठला पाह्यजे."

मी कागद घेतला. 'माझ्या मामांकडे जलशाच्या गाण्यांचा' इथपर्यंत इंग्रजी सुरळीत चाललं. पुढे 'संग्रह आहे'. पण केवढा संग्रह? इथे पेन थांबलं.

बिग लिहावं, तर ते पहिलीच्या पोरासारखं वाटलं. लार्ज हा शब्द मी आयुष्यात फक्त बनियनच्या पाकिटावर वाचलेला. ह्यूज म्हटलं की मला साखर कारखान्याचा बॉयलर दिसायचा. एक्स्टेन्सिव्ह हा आमच्या कारखान्यात आग लागली तेव्हा विम्याच्या कागदात आला होता, नुकसानीच्या आधी. त्यामुळे त्याला जळका वास होता. कन्सिडरेबल हा आमच्या मॅनेजरचा लाडका शब्द, पगारवाढ नाकारताना वापरायचा. व्हास्ट चांगला होता. पण शाळेच्या धड्यात तो वाळवंटाला लावलेला होता आणि वाळवंटाला कपाट कोण देणार? राहता राहिला इमेन्स. हा मी कुठेच वापरलेला पाहिला नव्हता. कोरा करकरीत. म्हणायलाही भारदस्त. मी लिहिलं, 'ॲन इमेन्स कलेक्शन'. मामांनी त्या शब्दावर बोट ठेवून विचारलं, "ह्यो कोन?"

"हाच तुमची कपाटं आणणार," मी म्हणालो.

शब्दाने काम चोख केलं. महिन्याभरात उत्तर आलं की तुमचा इमेन्स संग्रह पाहायला आम्ही स्वतः येत आहोत. मामांना इतका आनंद झाला की त्यांनी ते पत्र वस्तीतल्या बुद्धविहारात वाचायला मला खास बोलावून घेतलं. सगळी वस्ती जमली. मी पत्र वाचलं, मराठीतही सांगितलं. जयंती मंडळाचे अध्यक्ष पुढेच बसले होते. त्यांनी विचारलं, "इमेन्स म्हंजी किती?"

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण समोर माणसं बसलेली आणि मी उभा. मी हात दोन्ही बाजूंना पसरले आणि म्हणालो, "इमेन्स म्हणजे अफाट. नजरेत मावणार नाही एवढं!"

सगळ्यांनी मामांचं घर आतून पाहिलेलं होतं. मामांचा संग्रह मोठा होता, पण नजरेत मावत होता. जरा मान वळवावी लागायची एवढंच.

"आसं लिव्हून गेलंय व्हय?" अध्यक्ष गंभीरपणे म्हणाले. "मंग आता वस्तीच्या अब्रूचा सवाल हाय. पुन्यावरून मानसं येनार, आन् दोन ट्रंका दावायच्या?"

"अहो, दोन ट्रंकाही पुष्कळ..." मी म्हणू लागलो.

"साहेब, तुमी बसा. तुमी लिव्हलंय, आमी भरून काढतो."

जयंतीला आमच्याकडे घरटी वर्गणी निघते. नाही म्हणायची पद्धत नाही आणि दिलेली परत मागायची तर नाहीच नाही. तशीच निघाली. फक्त पैशांच्या जागी कागद. जे जे छापलेलं होतं ते ते लोकांनी आणून मामांच्या घरात ओतलं. लग्नपत्रिका, मागच्या सालांची कॅलेंडरं, सातवीचा भूगोल, दहावीची गाइडं, सोसायटीचे अहवाल, कीटकनाशकाची माहितीपत्रकं. ज्याच्या घरी काहीच नव्हतं त्याने किराण्याच्या पुड्यांचे कागद इस्त्री करून आणले. मामा दारात उभे राहून एकेकाला म्हणायचे, "आरं, ही गानी न्हाईत." माणूस म्हणायचा, "ऱ्हाऊ द्या मामा, आमची बी थोडी भर." आणि 'आमची बी भर' म्हणणाऱ्याला परत पाठवायचं कसं? मामा माझ्याकडे बघायचे. मी आढ्याकडे बघायचो. तेही लवकरच दिसेनासं झालं.

पाहुणे जीपमधून आले. एक चष्मेवाल्या बाई आणि गळ्यात कॅमेरा अडकवलेले एक गृहस्थ. दारात येताच बाईंच्या तोंडून "बाप रे!" निघालं. अध्यक्षांनी माझ्याकडे असं पाहिलं की बघा, शब्द पुरा केला की नाही.

बाईंनी वरचा कागद उचलला. संकरित कपाशीची लागवड. दुसरा उचलला. चि. आणि चि. सौ. कां. तिसरा, सातवीचा भूगोल, भारताच्या नकाशाला मिशा काढलेल्या. दाराशी सगळी वस्ती पायाच्या बोटांवर उभी होती.

"बाई, त्यो नकाशा आमचा!" मागून एक आवाज आला.

"ते लाल हाय ना, ते आमच्या थोरलीच्या लग्नातलं!"

बाई समजूतदार होत्या. त्यांनी हळूच विचारलं, "यातली गाणी कुठे आहेत?"

मामा खाली बसले आणि त्यांनी ढिगात हात घातला. आधी कोपरापर्यंत, मग खांद्यापर्यंत. कणगी खाली कुठेतरी होती. ट्रंकाही असाव्यात. बराच वेळ गेला. मामा घामाघूम झाले. हाताला लागलं ते बाहेर काढलं, तर सोसायटीचा अहवाल. मामींनी चहा आणला, पण कप ठेवायला जागा नव्हती, म्हणून पाहुण्यांनी तो उभ्यानेच प्यायला. कॅमेरावाल्या गृहस्थांनी मला बाजूला घेऊन इंग्रजीत विचारलं की हा संग्रह नेमका कसला, तुम्ही याचं वर्णन कसं कराल? मला बिगपासून इमेन्सपर्यंत सगळे शब्द एकदम आठवले आणि एकही उपयोगाचा नव्हता. मी म्हणालो, "सर, व्हेरी."

पंधरवड्यात पत्र आलं. आभार मानले होते, स्वागताचं कौतुक होतं आणि संग्रह 'मिसलेनियस' असल्याने सध्या मदत करता येत नाही असं होतं. मामांनी त्या शब्दावर बोट ठेवलं.

"ह्यो कोन?"

"नाना तऱ्हेचा," मी म्हणालो.

"मंग वंगाळ न्हाई की." मामांनी पत्र उलटून मागची बाजू पाहिली. "आन् कपाटं?"

"कपाटं नाहीत, मामा."

त्यांनी पत्राची घडी घातली आणि खिशात ठेवली. बोलल्या त्या मामी. पुढे मी जेव्हा जेव्हा गेलो तेव्हा तेव्हा बोलल्या. "आला का तुझं इमेन्स उचलाया? उचल. मला जवारी ठिवायचीय." मी दर रविवारी जाऊन उपसायला बसायचो. पण उपसलेलं टाकायचं कुठे? रस्त्यावर टाकलं तर कुणाची तरी लग्नपत्रिका पायदळी यायची. देणाऱ्याच्या घरी न्यावं तर तो म्हणायचा, "वर्गनी म्हागारी घेतली आसं व्हईल का कधी?" एका रविवारी कणगीचा काठ दिसला. काठावरून वाळवीची ओली मातकट रेघ आत गेली होती. मामांनी ती बोटाने पुसली आणि बोट धोतराला पुसलं.

मग त्यांनाच युक्ती सुचली. "भाचेबुवा, दुसऱ्या कुनाला तरी पत्र लिव्हा. ह्या बारीला 'बारकं' म्हनून लिव्हा. अगदी बारकं. आन् ते विहारात मोठ्यानं वाचा. बारकं म्हनल्यावर लोकं लाजंखातर आपापलं घिऊन जात्याल."

मला पटलं. शब्दाने झालेलं शब्दानेच निस्तरावं. मी लिहिलं, 'अ स्मॉल कलेक्शन'. शोधावं लागलं नाही. तोही बनियनवरचाच. विहारात सगळे जमल्यावर मी ते वाचलं आणि मराठीत सांगितलं, "लहान. अगदी छोटासा संग्रह."

अध्यक्ष सावकाश उठले.

"एवढं दिऊन बी आपल्या ह्या साहेबांना बारकंच वाटतंय," ते म्हणाले. "कमी पडलो आपन. पुन्यांदा घरटी काढू."

मी तोंड उघडलं. मामांनी माझा सदरा मागून ओढला आणि मला खाली बसवलं. "आता काय बी सांगू नगा," ते हळूच म्हणाले, "कुठल्याच भाषेत."

आम्ही घरी आलो तर मामी जागा करायला खाट उचलून अंगणात आणत होत्या. कुणी सांगितलं नव्हतं त्यांना. विहारातल्या टाळ्या तिथपर्यंत ऐकू आल्या होत्या.