तारादेवीच्या पाठीवरची अक्षरं

मी खोटं बोललो, हे आधीच सांगून टाकतो. तेही एका म्हाताऱ्या बाईशी, आणि चक्क मराठीत.

ऐंशीच्या दशकात न्यू जर्सीतल्या एका म्युझियममध्ये, जुन्या कलावस्तूंच्या दुरुस्ती-विभागात मी केमिस्ट होतो. एक तिबेटी बाई मुलाबरोबर आपला थांका घेऊन आल्या. थांका म्हणजे कापडावर रंगवलेलं, गुंडाळून नेता येणारं देवाचं चित्र. मी नागपूरचा म्हटल्यावर त्या खदखदून हसल्या. "तिथं बर्डीच्या बाजारात स्वेटर विकले मी! एक भाव, भाऊ, कमी होणार नाही!"

मग त्या माझ्या मावशीच झाल्या.

गुंडाळी उलगडली. हिरवी तारादेवी, दिव्यांच्या काजळीनं काळवंडलेली. मावशींच्या आईनं ती पाठीवर बांधून हिमालय ओलांडला होता. रंग सरसात कालवलेले, म्हणजे पाणी लागलं की संपलं. मी कोरड्या स्पंजानं हलकेच काजळी टिपत गेलो आणि खालून निळंभोर आभाळ निघालं. "आयला!" मी एवढ्या जोरात ओरडलो की माझी अमेरिकन बॉस धावत आली.

कापड मात्र विरलं होतं. "मागच्या बाजूला काही करण्याआधी त्यांना विचार," बॉसनं बजावलं होतं. उत्साहाच्या भरात मी विचारलंच नाही. मागे तांबडी अक्षरं दिसली होती, पण ती मला वाचता येईनात. इस्त्रीच्या उबेनं चिकटणारं नवं अस्तर लावलं आणि मोकळा झालो.

मावशी आल्या. समोरून पाहिलंच नाही, आधी चित्र उलटं केलं.

"अक्षरं कुठं गेली?"

"मागे काही नव्हतं, मावशी."

त्यांनी मागच्या कापडावरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "कपाळामागं, गळ्यामागं, छातीमागं लामांनी मंत्र लिहून प्राण घातले होते. अक्षरं नाहीत, तर ही माझ्या आईची नाही. कुणीतरी बदलली." चित्र टेबलावर ठेवून त्या निघून गेल्या.

मी बॉसकडे सगळं कबूल केलं. "फिक्स इट," ती म्हणाली, "अँड देन टेल हर."

अस्तर पुन्हा मंद ऊब देत बोटभर, बोटभर सोडवू लागलो. अक्षरं अस्तराबरोबर निघून आली तर? कपाळामागचं अक्षर दिसलं, शाबूत! मग गळ्यामागचं. छातीमागचं दिसलं तेव्हा मी बॉसचे दोन्ही हात धरून नाचलोच. मग दुसरं काही सुचेना, म्हणून तिच्याच गाडीतून, थांका मांडीवर घेऊन, मावशींच्या मुलाचं घर गाठलं.

दार मावशींनीच उघडलं. उंबऱ्याबाहेरच मी चित्राची मागची बाजू त्यांच्यासमोर धरली.

"मावशी, ही तुमच्या आईचीच आहे. अक्षरं होती. मी न विचारता झाकली आणि वर तुमच्याशी खोटं बोललो. चुकलो मी. मला माफ करा."