विजयमालाबाईंचा पुसापुशीचा शनिवार

माधवनगरात टायपिंग शिकलेल्या कुठल्याही बाईला विचारा, शनिवार म्हटलं की तिच्या नाकात रॉकेलचा वास येतो. विजयमालाबाईंच्या क्लासात शनिवारी टायपिंग नसायचं. मशीन उघडायचं, ब्रशानं खिळ्यांमधली वाळलेली शाई काढायची, रॉकेलच्या फडक्यानं अंग पुसायचं आणि मगच घरी जायचं. नवी मुलगी आली तर तिच्या हातात आधी फडकं, मगच बोटं कळांवर. "जे मशीन पुसता येत नाही, त्याच्यावर बसायचं नाही," असं बाई ठणकावून सांगायच्या. बाईंचा आवाज असा, की रस्त्यावरून जाणारा सायकलवालाही उगाच सरळ बसायचा.

बाई मूळच्या वडूजच्या. घरात दोन पिढ्या पलटणीत, त्यामुळं ऐकून घ्यायची सवय फारशी नव्हतीच. लग्न होऊन माधवनगरात आल्या आणि काही वर्षांत नवरा, नाथाजी, कामाला होता ती कापडगिरणी बंद पडली. नाथाजी डोक्याला हात लावून बसला, तर बाईंनी पुढच्या खोलीत टायपरायटर मांडले आणि दारावर स्वतःच्या नावाची पाटी ठोकली. गिरणीतल्या कामगारांच्या किती पोरी त्या खोलीतून शिकून कचेऱ्यांत लागल्या!

पण नव्याण्णव साल उजाडलं तसं टायपरायटरला कुणी विचारेना. जो तो कॉम्प्युटर, कॉम्प्युटर! सांगलीत क्लास निघाले होते, पण माधवनगरचे किती आईबाप आपल्या पोरींना रोज एसटीनं सांगलीला धाडणार? पोरी घरीच बसायला लागल्या. ते बघून बाईंचं डोकं फिरलं. त्यांनी निम्मे टायपरायटर विकले आणि एक कॉम्प्युटर आणला.

तो बसवायला सांगलीचा दुकानदार पुष्कर स्वतः आला. गोरागोमटा, गोडबोल्या माणूस. नाथाजीनं मशीनला हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला, नारळ फोडला. पुष्करनं निघताना सांगितलं, "मॅडम, वरचं प्लास्टिक काढू नका. आत तर मुळीच कशाला हात लावू नका. काही वाटलं तर मला बोलवायचं."

बाईंनी मशीन चालू केलं, तर आधी पुष्करच्या दुकानाचं नाव आलं. मग त्याचा फोन नंबर. मग पत्त्यांचे खेळ, मोटारींचे खेळ, कसल्या कसल्या जाहिराती. पत्र लिहायचा एक प्रोग्राम होता, पण तो महिनाभराच्या बोलीवर आलेला. मुदत संपली की पुष्करला शरण जायचं.

"मशीन माझं, खोली माझी, आणि आत ह्याचं बस्तान?" बाई कडाडल्या. "रेश्मा, वार कुठला आज?"

"शनिवार, बाई."

"मग बघत काय बसलीस?"

रेश्मा म्हणजे बाईंची सगळ्यांत चपळ विद्यार्थिनी. बंद पडलेल्या गिरणीतल्या जॉबरची, म्हणजे मुकादमाची मुलगी. डोळे मिटून टाईप करायची. दोघी पुसायला बसल्या. खेळ गेले, जाहिराती गेल्या, पुष्करचं नाव गेलं. इथवर सगळं झकास झालं. पण मग बाईंना चेव चढला. टायपरायटरचा त्यांचा नियम साधा होता: जे हलत नाही आणि अक्षर उमटवत नाही, ते किटण. इथंही त्यांनी तोच लावला. ज्याच्यावर बोट दाबून काही उघडत नाही, ते काढून टाकायचं. अशा फायली आत ढिगानं होत्या. बाईंनी एकजात सगळ्या उडवल्या आणि समाधानानं मशीन बंद केलं.

परत चालू केलं, तर काळा पडदा आणि इंग्रजीची एक ओळ. हूं नाही की चूं नाही.

बोलावल्यावर संध्याकाळी पुष्कर परत आला, बघून पोट धरून हसला. "मॅडम, तुम्ही घाणीबरोबर काळीजच काढून टाकलंत की! आता वॉरंटी गेली." मग खुर्ची ओढून मऊ आवाजात म्हणाला, "भरून देतो मी सगळं. एकच करा, आमची शाखा व्हा. दारावर आमचा बोर्ड, तुम्ही आमच्या नोकरीत. सोमवारी बोर्ड घेऊनच येतो." सोमवारी नवी बॅच बसायची होती, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

तो गेल्यावर नाथाजी हळूच म्हणाला, "बोर्डावर कुणाचं का नाव असंना. चूल पेटल्याशी मतलब हाय की न्हाई?"

"नाही!" बाई उसळल्या. "उद्या तो म्हणेल, माधवनगरात परवडत नाही, पोरींना सांगलीला पाठवा. तेव्हा काय करू? क्लास माझा आहे, माझाच राहील. आणि चूक माझी आहे, तर निस्तरेनही मीच."

बोलल्या खऱ्या, पण निस्तरायचं कसं ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. त्यांनी बूथवरून वडूजला फोन लावला. धाकटा भाऊ जोतीराम पलटणीत सिग्नलला, बिनतारी यंत्रं सांभाळायला, नेमका सुट्टीवर आलेला. सगळं ऐकून तो म्हणाला, "आक्के, दिवाळीला मी तुला ते कॉम्प्युटरचं मासिक दिलं न्हवतं का? त्याच्यासंगं चकाकती तबकडी हाय बघ. लिनक्स म्हंत्यात. पुरी सिस्टीम हाय तिच्यात, फुकट. पत्रं, हिशेब, टायपिंगचा सराव, सगळं. कुणाच्या बाला इचारायला नको."

मासिक गादीखाली सापडलं. तबकडी सापडेना. घर उलथंपालथं झालं, तेव्हा नाथाजी खाकरला.

"ती चकाकती व्हय? ती मी दाळिंबाला बांधलीया. पाखरं लय भेत्यात तिला."

"आवं, काय म्हणावं तुम्हाला!" बाई परसात धावल्या. डाळिंबाच्या फांदीला सुतळीनं बांधलेली तबकडी वाऱ्यावर गरगर फिरत होती. वर पाखरांनी न भिता केलेला प्रसादही होता. बाईंचा हात सवयीनं रॉकेलच्या बाटलीकडं गेला.

"बाई, रॉकेल नको!" रेश्मा किंचाळली. मग तबकडी साध्या पाण्यानं धुतली आणि बाईंनी मऊ सुती पदरानं टिपली.

रविवारी सकाळी दोघी बसल्या. मासिकात लिहिलेलं रेश्मा मोठ्यानं वाचायची, बाई कळा दाबायच्या. एकदा मशीननं विचारलं, आतलं सगळं पुसून टाकू का? रेश्मा थबकली.

"आता उरलंय काय आत? दाब!"

पहिला डाव फसला. दुसराही फसला. बाईंनी मशीनला, मासिकाला आणि ते छापणाऱ्या दिल्लीच्या छापखान्याला शिव्या घातल्या आणि तिसऱ्यांदा बसल्या. दुपार कलली तेव्हा काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली. रंगीत चित्रं काही केल्या येईनात, माऊस मुका बसला. पण बोटांनी हुकूम टाईप केला की मशीन मुकाट ऐकत होतं. आणि टाईप करणं तर ह्या दोघींच्या हातचा मळ! सरावाचा प्रोग्राम सुरू झाला तशी रेश्माची बोटं अशी पळाली की नाथाजीनं चहाचा कप तसाच हातात धरला. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी ते पदरानं पुसलं आणि पोरीच्या पाठीत धपाटा घातला.

सोमवारी पुष्कर बोर्ड आणि हातोडी घेऊन आला. दारात मुली आणि त्यांचे आईबाप जमलेले. त्यानं पडद्याकडं पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "हे काय, मॅडम? रंग नाही, चित्र नाही. फुकटातलं हे असंच. आणि उद्या मोडलं तर कुणाकडं जाणार?"

आईबाप एकमेकांकडं बघायला लागले. एकीनं तर मुलीचा हात धरून पाऊल मागं घेतलं. बाईंनी ते पाहिलं.

"रेश्मा, पूस."

"काय, बाई?"

"सगळं पूस. कोरं कर. आणि परत बसव, एकटीनं."

"अगं, डोस्कं फिरलंय का तुजं?" नाथाजी कळवळला. "कालच तर चालू झालंय!"

"पूस म्हणते ना!"

रेश्मानं तबकडी आत सारली. पडद्यावर तोच प्रश्न आला, सगळं पुसून टाकू का, आणि तिनं कळ दाबली. बाई हाताची घडी घालून मागं उभ्या राहिल्या. बोट पुढं केलं नाही, शब्द सांगितला नाही. एके ठिकाणी पोर अडली, मासिकाचं पान उलटून परत वाचलं, पुढं गेली. दारातून कुणी हललं नाही. नाथाजीनं सगळ्यांना चहा दिला, पुष्करलाही दिला. बोर्ड भिंतीला टेकवून तो बसून राहिला.

अक्षरं परत उमटली. रेश्मानं बाईंचं नाव टाईप केलं आणि मान वर केली. जिनं पाऊल मागं घेतलं होतं, त्या आईनं मुलीचा हात सोडला.

बाई पुष्करकडं वळल्या. "मोडलं तर कुणाकडं जाणार, विचारत होता ना? हिच्याकडं. आणि मोडायची वाट कोण बघतंय? दर शनिवारी आम्हीच पुसून परत बसवणार आहोत. एकेक पोरगी, एकेका शनिवारी."

मग त्यांनी त्याचा बोर्ड उचलून त्याच्या हातात दिला आणि दारातल्या मुलींना म्हणाल्या, "चला, चपला बाहेर काढा. फडकी आणलीत का?"